दुबलगुंडीच्या नवरीचा फोटो

आमच्या स्टुडिओत दोन कंप्यूटर होते. एक आत, पडद्यामागे. त्याच्यावर मी लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ जुळवायचे. दुसरा दारातच, चपला काढायच्या जागेजवळ, जुना आणि सदा घोंगावणारा. त्याला मी उंबरा म्हणायचे. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह असो, मेमरी कार्ड असो, कुणाची हार्डडिस्क असो, आधी ती उंबऱ्याला लागायची. तिथं तिचं स्कॅनिंग व्हायचं आणि मगच ती पडद्याआड यायची. बाहेरून आलेल्या माणसानं पाय धुऊन घरात यावं, तसंच ते होतं. आमचं दुकान हुमनाबादला, बस स्टँडच्या मागं. पुण्याहून हैदराबादला जाणारा रस्ता उशाशी, त्यामुळं दोन्ही शहरांतले व्हायरस आमच्याकडं मुक्कामाला असायचे.

माझं माहेर हळ्ळीखेडचं. बारावीनंतर बीदरला राहून कंप्यूटरचा कोर्स केला, तेव्हा घरात कुणालाच ते काय असतं हे ठाऊक नव्हतं. नवरा लग्नांची शूटिंग करायचा, मी बसून जुळवायचे. गावात कंप्यूटरवर बसणाऱ्या बायका तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि व्हायरस काढून देणारी मी एकटीच. बँकेतले साहेबसुद्धा पेनड्राइव्ह घेऊन माझ्या दारात उभे राहायचे. मला याचा गर्व होता, तो लपवत नाही. कुणी म्हणालं, अक्का, जरा बघता का, की मी मान न वळवताच म्हणायचे, ठेवा तिथं.

आमचं दुसरं एक काम होतं, त्याची पाटी आम्ही लावली नव्हती. आमच्या भागात गरिबाचा फोटो निघायचा तो लग्नात, आणि तोही बहुतेक दुसऱ्याच्या लग्नात. माणूस गेलं की घरचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्याकडं यायचे. अमक्याच्या पोरीच्या लग्नात आमचा बाप पंगतीला बसला होता, तेवढा बघा. मग मी त्या लग्नाचे सगळे फोटो उघडून बसायचे. पंगतीत सापडलेला माणूस कापून काढायचा, त्याच्या हातातला घास पुसायचा, तोंड भरलेलं असलं तर गाल थोडे आत घ्यायचे, अंगावर काळा कोट चढवायचा, मागं निळं आभाळ लावायचं. जन्मात ज्यानं कोट घातला नाही तो मेल्यावर माझ्या हातून कोट घालून भिंतीवर जायचा. असं पहिलं काम मी माझ्याच वडिलांचं केलं होतं. चुलतबहिणीच्या लग्नात ते पाण्याची घागर उचलून चालले होते. घागर काढली आणि वडील ठेवले. आई त्या फोटोकडं बघून म्हणाली होती, खांदा एवढा वाकडा कामून दिसायलाय?

म्हणून मी लग्नं पुसत नसे. बाकीचे स्टुडिओवाले सीडी देऊन झाली की जागा मोकळी करायचे. आम्ही हैदराबादहून एक काळा डबा आणला होता, बाहेरून जोडायची मोठी हार्डडिस्क. त्यात पाच वर्षांची लग्नं होती, प्रत्येक लग्नाचं वेगळं फोल्डर, त्याला गावाचं आणि नवरीचं नाव. त्याला आम्ही नुसतं डबा म्हणायचो. कुणी विचारलं की मी त्याच्यावर हात ठेवून सांगायचे, इथं हाय सगळं, कुठं जातंय.

दुबलगुंडी गावच्या एका बाईलाही मी हेच सांगितलं होतं. तिचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं. आता मेंढरं गेली होती, तुकडाभर रान होतं आणि बाकी लोकांच्या रानातली मजुरी. थोरल्या पोरीचं लग्न आम्ही शूट केलं. सीडी आणि अल्बम न्यायला ती स्वतः आली. सीडी उलटीसुलटी करून बघितली, तिच्यात तोंड बघून पदर नीट केला आणि विचारलं, हे मोडलं तर? मी डब्यावर थाप मारली.

त्यांच्या घरी सीडी लावायला काही नव्हतं. ज्वारी हुरड्यात आली तेव्हा बाईच्या नवऱ्यानं सीडी दोऱ्यानं काठीला बांधून रानात टांगली. ऊन पडलं की चमकते, पाखरं बसत नाहीत. आमच्याकडं तेव्हा सगळेच असं करायचे, रानोरान लग्नं टांगलेली असायची. बाईनं नको म्हटलं नाही. मूळ वस्तू माझ्यापाशी आहे, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि ते बसवणारी मीच होते.

पोरगी नवऱ्याबरोबर पुण्याला गेली, बिल्डिंगच्या कामावर. दीड वर्षानं तापाचं निमित्त होऊन तिथंच गेली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. निरोप आल्यावर आईबाप एसटीनं पुण्याला पोचले तेव्हा दवाखान्यात तिला झाकून ठेवलं होतं, आणि सगळं तिथंच उरकलं. हे मला बाईनंच सांगितलं, पण त्या दिवशी एवढंच सांगितलं. ती परत आली ती पोरीच्या पत्र्याच्या खोलीतला अल्बम घेऊन. तो पावसात भिजला होता. पानं एकमेकांना चिकटली होती आणि तिनं ती सोडवताना तोंडं दुसऱ्या पानाला लागून निघून आली होती. नवरीच्या जागी पांढरा कागद, बाजूच्या करवल्या शाबूत. अल्बम तिनं माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, तुझ्या डब्यातलं दे आता.

त्याच आठवड्यात मी बीदरहून नवीन अँटिव्हायरसची सीडी आणून घातली होती. आमच्याकडं इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून सीडीच आणावी लागे. डबा जोडला आणि जोडल्याबरोबर पडद्यावर लाल पाटी आली. मी बाईला स्टुलावर बसवलं आणि स्कॅन लावला. सकाळभर ती त्या सरकणाऱ्या हिरव्या पट्टीकडं बघत बसली. दोनदा करंट गेला, दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही.

पट्टी भरली आणि यादी आली. ती यादी मी अजून विसरले नाही. त्यात व्हायरसची नावं असायला पाहिजे होती, पण होती आमच्या लग्नांची. हळ्ळीखेड, चिटगुप्पा, दुबलगुंडी, प्रत्येक गाव, प्रत्येक नवरी, आणि प्रत्येकीपुढं लाल खूण. नावांच्या शेवटी एक टिंब आणि तीन अक्षरं होती. फोल्डरच्या नावाला असली शेपूट नसते, ती प्रोग्रामला असते, हे मी शंभर वेळा लोकांना शिकवलं होतं. त्या दिवशी मला ती दिसली नाही. मला वाटलं, व्हायरस लग्नांच्या आतच शिरलाय, आता वाचत नाही. मी सगळं निवडलं आणि काढून टाक म्हणून बटण दाबलं. डबा उघडला. आत काही नव्हतं. पांढरा पडदा.

हे कसं शिरलं ते मला लगेच कळलं. नवऱ्यानं आदल्या सिझनमध्ये मोबाईलच्या दुकानातून लग्नाची गाणी भरून आणली होती आणि घाईत तो पेनड्राइव्ह उंबऱ्याला न लावता थेट आत लावला होता. डबा तेव्हा जोडलेलाच होता. मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारचा हॉटेलवाला बाहेर येऊन उभा राहिला. नवऱ्यानं मान खाली घातली. पुढं कित्येक महिने मी प्रत्येक भांडणात ते काढायचे. आज लाज वाटते ती त्याचीही.

बाईला मी सांगितलं, मावशी, गेलं सगळं. व्हायरसनं खाल्लं. तिला व्हायरस म्हणजे काय ते समजेना. किडा काय? तिनं विचारलं. मी व्हय म्हणाले. तिनं ज्वारीला कीड लागल्याचं ऐकावं तशी मान हलवली आणि चिकटलेला अल्बम पिशवीत घालून गेली.

चार दिवसांनी ती परत आली, धाकट्या पोरीला घेऊन. तेराव्याला दोन दिवस राहिले होते. आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "अक्का, एकदा अजून बघ की. तू तुझ्यापाशी हाय म्हणालीस, म्हणून तर मी ते रानात बांधू दिलं."

मला ते लागलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर माझ्या शब्दावर बोट ठेवलेलं मला खपलं नाही. मी म्हणाले, "असतं तर दिलं नसतं का? मी काय लपवून ठेवलंय? न्हाई म्हणजे न्हाई."

डबा माझ्या हाताच्या अंतरावर, खणात होता. नुसता जोडला असता तरी तिचं समाधान झालं असतं. मी खण उघडला नाही.

मग तिनं धाकटीला पुढं केलं. सतरा वर्षांची पोरगी, ओठ दाबून उभी. "हिचा काढ," बाई म्हणाली. "दोघी एकाच तोंडाच्या. थोडं इकडं तिकडं करून दे."

जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. आमच्याकडं चुकून कुणी जित्याचा फोटो मेलेल्यांच्या ओळीत लावला तरी माणसं भांडायला उठतात. मी नाही म्हणाले. बाई म्हणाली, भिंतीवर काहीच न्हाई तर तेराव्याला हळदकुंकू कशाला लावू, दगडाला? धाकटीनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, काढा अक्का, मला काय होत न्हाई.

मी तिला खुर्चीवर बसवलं. फोटो काढला आणि आत येऊन कामाला लागले. बाई माझ्या शेजारी बसून सांगत होती. भुवया जाड. नाक जरासं बसकं. हनुवटीवर तीळ, डाव्या बाजूला, न्हाई, जरा खाली. कपाळ एवढं मोठं नव्हतं. मी एकेक करत गेले. धाकटी पडद्याला धरून उभी राहून आपलं तोंड पुसलं जाताना बघत होती. शेवटी बाई म्हणाली, व्हय, अशीच. आणि मग थोड्या वेळानं म्हणाली, व्हती बहुतेक अशीच. तो फोटो मी फ्रेम करून दिला. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही, हे खरं. पण मी ते दुःख व्हायरसच्या नावावर लावलं होतं.

त्या दोघी गेल्या त्याच दुपारी मी डबा खणातून काढला आणि फॉरमॅट मारला, सगळी जागा कोरी केली. रागातच मारला. नवा सिझन तोंडावर होता, जागा हवी होती, आणि रिकामा पडदा परत परत बघायची माझी इच्छा नव्हती. उन्हाळ्यात त्यात दुसरी लग्नं भरली.

पुढच्या वर्षी, पावसाळा सरत आला तेव्हा, जवळच्या एका गावचे मास्तर आले. त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये परीक्षेचे पेपर होते. मी उंबऱ्याला लावला, स्कॅन केला. तीच यादी. पेपरांच्या फोल्डरची नावं, पुढं लाल खूण, मागं तीन अक्षरं. मी काढून टाकलं आणि पेनड्राइव्ह रिकामा दिसला. मास्तरांना सांगितलं, गेलं सर. मास्तर हसले. म्हणाले, गेलं न्हाई हो, आतच हाय. गुलबर्ग्याला माझ्या भावाच्या कॉलेजात असंच झालं होतं. हा व्हायरस खरी फोल्डरं झाकून ठेवतो आणि त्यांच्याच नावाची खोटी समोर मांडतो. तुमचं औषध खोटी मारतंय, खरी तशीच झाकलेली राहत्यात. आणि त्यांनी मला दाखवलं. पेनड्राइव्हवर माउसचं उजवं बटण दाबलं. आत काही दिसत नव्हतं आणि तरी तो जवळजवळ भरलेला होता. मग कंप्यूटरवरच एक काळी पाटी उघडून तिच्यावर एक ओळ टाइप केली. एकेक करून फोल्डरं वर आली, सगळी, जशीच्या तशी.

मास्तर आभार मानत होते की मी त्यांचे मानायचे होते, काही कळेना. ते गेले आणि मी शटर अर्धं ओढून आत बसले. यादीतल्या नवऱ्या खोट्या होत्या. खऱ्या मागं होत्या. बाई स्टुलावर बसली होती तेव्हा तिची पोरगी डब्यात होती. ती दुसऱ्यांदा आली आणि एकदा अजून बघ म्हणाली तेव्हा पोरगी खणात होती, माझ्या हाताच्या अंतरावर. व्हायरसनं तिला खाल्लं नव्हतं. त्यानं फक्त झाकलं होतं. पुसलं मी.

नवऱ्याला सांगितलं. त्याला वर्षभर बोल लावले होते, एक शब्द तरी परत करायचा. त्यानं डबा एका जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून दिला आणि म्हणाला, हैदराबादला जाऊन ये. मी डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. पुसलेलं परत काढून देणारं एक दुकान तिथं होतं. त्यांनी आठ दिवस ठेवून घेतला. वरून नवीन लग्नं भरल्यामुळं खालचं फार थोडं हाती लागेल, असं आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. इकडचा अर्धा मांडव, तिकडची पंगत, कुणाचा तरी घोडा. दुबलगुंडीच्या लग्नातला एकच फोटो निघाला, तोही अर्धा. वर बाशिंग, मुंडावळ्या, कपाळावरचं कुंकू, भुवयांची वरची कड. तिथून खाली नुसता राखाडी रंग, तळापर्यंत.

तो फोटो धुऊन घेतला. स्टुडिओत महिनाभर ठेवून घेतला, कारण हिंमत होत नव्हती. नाही सांगितलं तर बाईला काही कळणार नव्हतं. तिच्या भिंतीवर फोटो होता, तिचं मन त्यावर बसलं असेल, उगाच कशाला खपली काढायची, असं मी मलाच सांगायचे. खरं तर मला माझं नाव जायची भीती होती. शेवटी एका मंगळवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, मी दुबलगुंडीची गाडी धरली.

बाई घरीच होती. समोरच्या भिंतीवर मी केलेला फोटो, त्याला वाळलेला हार. त्याच्या बरोबर खाली चूल, आणि चुलीपुढं धाकटी भाकरी थापत बसलेली. वर्षभरात ती भरली होती, भुवया जाड झाल्या होत्या. ती मान वर करून हसली आणि मला भिंतीकडं बघवेना. वर तीच, खाली तीच. नंतर कळलं, तिला बघायला आलेले एक पाहुणे तो हार बघून चहा न पिताच उठले होते.

मी शिव्या खायच्या तयारीनं गेले होते. चहा ठेवू नका म्हणाले, अर्धा फोटो बाईच्या हातात दिला आणि एका दमात सांगून टाकलं. "मावशी, तुम्ही आलता तवा ती डब्यात व्हती. दुसऱ्यांदा आलता तवा बी व्हती. किड्यानं खाल्ली नव्हती, नुस्ती झाकलेली व्हती. मी नीट बघितलंच न्हाई. मीच पुसून टाकली."

बाईनं फोटो उजेडाकडं धरला. कुंकवावरून बोट फिरवलं, भुवयांच्या कडेपर्यंत आणलं आणि जिथं राखाडी सुरू होतं तिथं थांबवलं. धाकटीचे हात परातीत तसेच राहिले.

"झाकलेली व्हती?" बाईनं विचारलं.

"व्हय."

बाई माझ्याकडं न बघताच बोलली, अगदी हळू.

"पुण्याला बी झाकूनच ठिवल्ती. तिथली बाई म्हणली, बघू नका, तोंड लई सुजलंय. मी कापडाला हात लावला अन् सोडून दिला." तिनं फोटो पदराखाली घेतला. "तुला तर म्हाईत नव्हतं, अक्का. मला म्हाईत व्हतं, कापडाखाली तीच हाय."